एक वर्ष शरीरासाठीं

जून महिना लागला म्हणजे मावळांतील घरोघरीं दोन कामें एकदमच अंगावर येतात. एकीकडे भाताच्या पेरणीची घाई, आणि दुसरीकडे शाळा संपविलेल्या मुलामुलींचीं नांवें कॉलेजांत घालण्याची घाई. लोणावळा, मळवली, कामशेत, वडगांव, तळेगांव या स्टेशनांवरून सकाळच्या लोकलगाडीनें पुण्याकडे जाणारीं आणि दिवेलागणीस थकून परत येणारीं हीं मुलें आपण सर्वच पाहतों. त्यांच्या पाठीवरच्या पिशव्या वर्षानुवर्षें जड होत चालल्या आहेत. पाठी मात्र त्या मानानें बळकट होत आहेत असें म्हणण्याचें धाडस कोणी करणार नाहीं.

अशा घरांत पहिल्या दोन-तीन महिन्यांतच एक वाद हटकून उपस्थित होतो. मुलगा म्हणतो, "मला कॉलेजच्या संघांत खेळावयाचें आहे; संध्याकाळीं घरीं येण्यास एक तास उशीर होईल." आजोबा म्हणतात, "खेळून कोणाचें पोट भरलें आहे? आधीं परीक्षा." वडील गप्प बसतात, कारण फीचा आकडा त्यांच्या डोळ्यांपुढें असतो. आई दोहोंकडची समजूत घालूं पाहते. आणि मुलीनें तीच इच्छा बोलून दाखविली तर वाद होण्याचेंही कारण पडत नाहीं. तिचा प्रश्न बहुधा माजघरांतच निकालांत निघतो.

आजोबांचें म्हणणें अगदींच टाकाऊ आहे असें आम्ही म्हणत नाहीं. मध्यम स्थितींतील कुटुंबास मुलाचें एक वर्ष फुकट जाणें परवडत नाहीं, आणि खेळाच्या नादानें पुस्तकें धूळ खात पडलीं अशीं उदाहरणें प्रत्येक आळींत सांपडतात. परंतु हा प्रश्न आज नवा निघालेला नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटल्या तीस-चाळीस वर्षांत आपल्या पूर्वजांपुढें तो याहूनही तीव्र स्वरूपांत उभा होता, आणि त्या पिढीनें त्याची किंमत फार जबर दिली. ती हकीकत घरांतील लहानथोरांनीं एकत्र बसून वाचावी, आणि मग हव्या त्या बाजूस कौल द्यावा, एवढ्याचसाठीं आजचें हें लेखन आहे.

१८५८ च्या जून महिन्यांत खंडाळा ते पुणें हा आगगाडीचा रस्ता खुला झाला, आणि १८६३ सालीं बोरघाटाची चढण बांधून होतांच मुंबई व पुणें हीं शहरें लोहमार्गानें जोडलीं गेलीं. तोंपर्यंत बैलगाडीनें किंवा पायीं पुणें गांठणाऱ्या मुलांस विद्येचें घर जवळ आलें. पण गाडीनें मुलें पुण्यास आणून सोडलीं, तरी त्यांच्या जेवणाखाण्याची सोय गाडी करणार नव्हती. पुष्कळ गरीब मुलें वार लावून जेवत. म्हणजे सोमवारीं एका घरीं, मंगळवारीं दुसऱ्या घरीं, असा आठवडा निभावून नेत. कांहीं माधुकरी मागत. एखादा वार मोकळा राहिला तर त्या दिवशीं पाण्यावर भागवावें लागे. रात्रीं मिणमिणत्या दिव्यापुढें वाचन, पहाटे पुन्हां घोकणें, आणि शेवटीं मुंबई विद्यापीठाची परीक्षा. व्यायाम हा शब्द त्या दिनक्रमांत कोठें बसतच नव्हता. ज्याच्या पोटांत अन्न नाहीं त्यानें जोर तरी कोणत्या बळावर काढावे?

या हालअपेष्टांची मूर्ति म्हणजे गोपाळ गणेश आगरकर. कऱ्हाडजवळच्या टेंभू गांवचा हा तरुण डेक्कन कॉलेजांत शिकत असतां अंगांत घालण्यास त्याच्याजवळ एकच सदरा होता. तो रात्रीं धुऊन वाळत घालावा आणि सकाळीं तोच अंगांत चढवावा, ही गोष्ट महाराष्ट्रांत घरोघर ठाऊक आहे. निर्धाराचें उदाहरण म्हणून आपण ती मुलांस सांगतों, व तें योग्यच आहे. परंतु पुढें दम्यानें त्यांस जें गांठलें तें शेवटपर्यंत सोडलें नाहीं, ही त्याच आयुष्याची दुसरी बाजू आपण मुलांस क्वचितच सांगतों.

त्याच डेक्कन कॉलेजांत त्याच सुमारास दुसरा एक तरुण होता. मुळामुठेच्या कांठीं, येरवड्यास, कॉलेजची दगडी इमारत १८६८ सालीं तयार झालेली होती. भोंवतीं मोकळें माळरान, खालीं नदीचें खोल पाणी, आणि विद्यार्थ्यांनीं तेथेंच राहावयाचें. १८७२ सालीं मॅट्रिक होऊन बाळ गंगाधर टिळक तेथें आले तेव्हां त्यांची प्रकृति अगदींच किरकोळ होती. त्यांनीं मनाशीं एक हिशेब केला. पुढें जें काम करावयाचें तें या देहाकडूनच करून घ्यावयाचें आहे. तेव्हां आधीं देह कामास योग्य केला पाहिजे. कॉलेजचें पहिलें वर्ष त्यांनीं जवळजवळ सर्वस्वीं शरीरास दिलें. तालीम, कुस्ती, पोहणें, नदींत होडी वल्हविणें, आणि त्यावर भरपूर खाणें, हा त्यांचा त्या वर्षाचा अभ्यासक्रम होता. फळ व्हावयाचें तेंच झालें: वर्षाच्या अखेरीस ते परीक्षेंत नापास झाले.

आपल्या घरांतील मुलगा असा नापास होऊन आला असतां आपण काय म्हटलें असतें, याचा विचार प्रत्येकानें मनांतल्या मनांत करून पाहावा. टिळकांचे वडील तर स्वतः शिक्षणखात्यांतले. पण ते त्या वर्षाच्या सुमारास वारले होते, आणि मुलाचा हिशेब मुलालाच पुरा करावयाचा होता. तो त्यानें पुरा केला. गणित हा विषय घेऊन बी. ए. ची परीक्षा ते पहिल्या वर्गांत उत्तीर्ण झाले. १८७९ सालीं एल्एल्. बी. झाले. गेलेलें वर्ष भरून निघालें. कमावलेलें शरीर मात्र शिल्लक राहिलें.

तें कोठें उपयोगीं पडलें, हें पाहण्यासाठीं पुढचा पट समोर मांडला पाहिजे. १ जानेवारी १८८० रोजीं पुण्यांत न्यू इंग्लिश स्कूल निघालें. त्याच्या उभारणीशीं पांच तरुणांचीं नांवें कायमचीं जोडलेलीं आहेत: विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, आगरकर, महादेव बल्लाळ नामजोशी आणि वामन शिवराम आपटे. या मंडळींच्याच खटपटींतून १८८४ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ सालीं फर्ग्युसन कॉलेज उभें राहिलें. मात्र तें पाहण्यास पांचांपैकीं एकजण हयात नव्हता. विष्णुशास्त्री १८८२ सालीं गेले. त्यांचें वय एकतीस. संस्कृत-इंग्रजी कोशाचे कर्ते व फर्ग्युसनचे प्रिन्सिपॉल आपटे १८९२ सालीं गेले, वय चौतीस. त्यांच्या मागून आगरकर प्रिन्सिपॉल झाले व तिसऱ्याच वर्षीं, १८९५ सालीं, गेले. अडतीस पुरीं होऊन एकुणचाळिसावें चालू होतें. नामजोशी १८९६ च्या आरंभीं गेले; त्यांनीं चाळिशी नुकतीच ओलांडली होती. पांचांत एकच साठीच्या पलीकडे गेला. १८९७ चा तुरुंग, नंतर मंडालेचीं सहा वर्षें, मधुमेह, त्या कोठडींत लिहिलेलें 'गीतारहस्य', सुटून आल्यावरचे दौरे, आणि विलायतेचा प्रवास, इतकें सर्व झेलून टिळक १९२० सालीं, चौसष्टाव्या वर्षीं गेले. त्यांनीं स्वतःही आपल्या काटकपणाचें श्रेय कॉलेजांतल्या त्या एका वर्षास दिलें आहे.

येथें सावधगिरीनें बोललें पाहिजे. पांच माणसांच्या आयुष्यावरून शास्त्रीय सिद्धांत बांधतां येत नाहीं. त्या काळीं आजचीं औषधें नव्हतीं. तापानें किंवा क्षयानें धडधाकट माणूसही आठ दिवसांत अंथरुणास खिळे. तालीम केली म्हणजे मृत्यु टळतो असें कोणी समजूं नये. परंतु ही गोष्ट पांचांपुरतीच होती असेंही नाहीं. काशिनाथ त्रिंबक तेलंग हायकोर्टाचे न्यायमूर्ति व विद्यापीठाचे कुलगुरु झाले, आणि १८९३ सालीं त्रेचाळिसाव्या वर्षीं गेले. सुशिक्षित घरांत अशा बातम्या इतक्या वारंवार येऊं लागल्या कीं त्या दशकांत न्यायमूर्ति रानडे यांनीं पदवीधरांच्या अकालमृत्यूंचा प्रश्न विद्वानांपुढें उघडपणें मांडला. परीक्षांचें ओझें, दारिद्र्य, बालवयांतील लग्नें व त्यांतून लौकर अंगावर पडणारा संसार, आणि व्यायामाचा अभाव, अशीं नाना कारणें त्या वादांत पुढें आलीं. कोणतें कारण किती वजनाचें याविषयीं मतभेद होते. पण विद्या शरीराच्या भांडवलावर मिळवली जात आहे आणि तें भांडवल पुरत नाहीं, ही जाणीव सर्वांनाच झाली होती.

हाच रोग त्याच सुमारास पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास, अमेरिकेंत, कसा ओळखला गेला, हें पाहणें मनोरंजक आहे. तिकडील विद्यार्थीही आपल्यासारखेच पुस्तकांत बुडालेले, खोल्यांत कोंडलेले, आणि वसंतऋतु येतां येतां प्रकृति खालावून घरीं परत जाणारे. त्यांच्यापुढें मात्र एक खेळ आयता चालून आला: बेसबॉल. मैदानावर चौरस आंखून चार कोपऱ्यांवर चार ठाणीं करावयाचीं. समोरून आलेला चेंडू गोल दांडक्यानें टोलवावयाचा, आणि तो परत येईपर्यंत एकामागून एक ठाणें घेत मूळ जागेवर पोहोंचावयाचें. क्रिकेट ज्यानें पाहिलें आहे त्यास हा खेळ चुलतभावंडासारखा वाटेल. विटीदांडू खेळलेल्यास त्यांतला टोला परका वाटणार नाहीं.

१ जुलै १८५९ रोजीं मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील पिट्सफील्ड या गांवीं ॲमहर्स्ट व विल्यम्स या दोन कॉलेजांचा बेसबॉलचा सामना झाला. दोन कॉलेजांमधला हा पहिला सामना. प्रत्येक बाजूस तेरा तेरा गडी होते, आणि ॲमहर्स्टनें ७३ विरुद्ध ३२ असा जय मिळविला. आमच्या आजोबामंडळींस विशेष आवडेल अशी गोष्ट पुढेंच आहे: दुसऱ्या दिवशीं याच दोन कॉलेजांत बुद्धिबळाचाही सामना झाला, आणि तोही ॲमहर्स्टनेंच जिंकला. मैदानावर धांवणारे हातपाय आणि पटावर चालणारी बुद्धि यांचें वैर आहे असें त्या मुलांस तरी वाटलें नाहीं.

परंतु खरी महत्त्वाची गोष्ट सामन्यानंतर घडली. विद्यार्थ्यांच्या ढासळत्या प्रकृतीनें काळजींत पडलेल्या ॲमहर्स्टच्या चालकांनीं १८६० सालीं व्यायामशाळा बांधली, आणि १८६१ सालीं एडवर्ड हिचकॉक नांवाच्या डॉक्टरांस आरोग्य व शारीरिक शिक्षण या विषयाचे प्राध्यापक नेमलें. गणिताला जसा प्राध्यापक, तसाच शरीरालाही. प्रत्येक विद्यार्थ्यानें आठवड्यांतून ठराविक दिवशीं लांकडी डंबेल्स घेऊन सर्वांबरोबर कसरत केलीच पाहिजे असा नियम झाला. हिचकॉक यांनीं विद्यार्थ्यांची उंची, वजन, छातीचा घेर वगैरे वर्षानुवर्षें मोजून लिहून ठेविलें, आणि पन्नास वर्षें हें काम चालविलें. शरीर हें दैवाधीन नसून तें मोजतां येतें, सुधारतां येतें आणि त्याची जबाबदारी शिकविणाऱ्यावरही आहे, हा त्यांतला मुख्य विचार.

अमेरिकेंत सर्वच गोड झालें असें मात्र नाहीं. खेळाचा शौक हळूहळू व्यसनाकडे झुकूं लागला. हार्वर्डचा बेसबॉलचा संघ भर सत्रांत गांवोगांव सामने खेळत फिरूं लागल्यावर १८८२ सालीं तेथील अध्यापकांस खेळांवर देखरेख ठेवण्यासाठीं समिति नेमावी लागली. विद्यार्थी म्हणून भलत्यासच मैदानावर उतरविण्याचेही प्रकार झाले. म्हणजे आजोबांची भीति अगदीं निराधार नव्हे. वीस गड्यांनीं खेळावें आणि दोन हजारांनीं ओरडावें, यानें दोन हजारांचीं शरीरें सुधारत नाहींत. हिचकॉकची कसरत सर्वांसाठीं होती; सामन्याचा जल्लोष थोड्यांपुरता होता. आपण मुलांसाठीं काय मागावें हें यावरून स्पष्ट व्हावें.

मुलींविषयींही तिकडे विचार झाला होता. १८६६ सालीं, म्हणजे व्हॅसार हें स्त्रियांचें कॉलेज सुरू होऊन वर्ष होतें न होतें तोंच, तेथील मुलींनीं आपले बेसबॉलचे क्लब काढले. त्यांच्यावर टीका झाली. पण मुली खेळल्या. याच्या शेजारीं आपल्या आनंदीबाई जोशी यांचें चित्र ठेवून पाहावें. १८८३ सालीं ही अठरा वर्षांची मुलगी एकटी समुद्र ओलांडून गेली. फिलाडेल्फियांतील स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजांत शिकून १८८६ सालीं तिनें एम्. डी. ही पदवी घेतली. कडाक्याची थंडी, सवयीचें अन्न नाहीं, आणि अभ्यासाचा अखंड ताण, यांत तिचें शरीर पोखरत गेलें. परत येऊन ती पुण्यास १८८७ च्या फेब्रुवारींत क्षयानें वारली. बावीस वर्षेंही पुरीं झालेलीं नव्हतीं. त्याच दशकांत कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजच्या पहिल्या विद्यार्थिनी झाल्या, आणि कांहीं विद्यार्थी त्यांच्या तोंडावर वर्गाचीं दारें लावीत. जेथें वर्गाचेंच दार बंद, तेथें मैदानाचें कोण उघडणार? आपण मुलींस विद्या दिली हा अभिमान रास्त आहे. पण ती पेलण्याचें बळ त्यांस देण्यास आपण फार उशीर केला, हेंही कबूल केलें पाहिजे.

पुण्यांत त्या वेळीं खेळ नव्हते असें नाहीं. आट्यापाट्या, खोखो, हुतुतू, विटीदांडू हे आपले बिनखर्चाचे खेळ पेठापेठांत चालत, आणि क्रिकेटनेंही तरुणांस झपाटलें होतें. या क्रिकेटनें पुण्याच्या सुशिक्षित तरुणांची एक परीक्षा घेतली, ती येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. १८९२ च्या सुमारास युरोपियन लोकांच्या पूना जिमखान्यांत बाळू पालवणकर हा चर्मकार समाजांतील तरुण मैदानाची निगा राखण्याच्या कामावर होता. साहेब लोकांच्या सरावासाठीं त्यानें तासन्‌तास गोलंदाजी करावी. फलंदाजी मात्र त्याच्या वांट्यास येत नसे. असा गोलंदाज गांवांत असतां त्यास आपल्या संघांत घ्यावें कीं नाहीं, असा प्रश्न हिंदु खेळाडूंपुढें आला. वाद झाला, आणि अखेरीस जिंकण्याच्या इच्छेनें म्हणा कीं न्यायबुद्धीनें म्हणा, त्यास घेतलें. मैदानावर ब्राह्मण गड्यांनीं त्याच्याच हातून आलेला चेंडू झेलला. पण चहाच्या सुटींत त्याचा चहा बाहेर, मातीच्या निराळ्या भांड्यांत. एकाच दुपारीं एकाच माणसाशीं असे दोन व्यवहार झाले.

हे ब्राह्मण गडी आपल्याच घरांतले होते, म्हणून ही गोष्ट आपणच सांगितली पाहिजे. पुढें याच बाळूनें १९११ सालीं विलायतेच्या दौऱ्यांत ११४ गडी बाद केले, आणि १९२३ सालीं त्याचा भाऊ विठ्ठल हिंदु संघाचा कप्तान झाला. मैदानावर गुण लपवितां येत नाहीं, आणि जो डोळ्यांपुढें उघड दिसतो तो नाकारणें दिवसेंदिवस जड जातें, ही खेळाची शिकवण कोणत्याही पाठ्यपुस्तकांत नव्हती. मुलांनीं नाना घरच्या मुलांबरोबर घाम गाळावा, असें म्हणण्यास छातीच्या घेराहूनही हें मोठें कारण आहे.

आतां आपल्या मावळाकडे वळूं. 'मावळा' या शब्दानेंच ज्या प्रांतानें काटकपणास नांव दिलें, तेथें शरीराचें महत्त्व नव्यानें शिकवावें लागेल असें कोणास वाटलें नसतें. लोहगड-विसापूरच्या पायथ्याचा शेतकरी आजही भर पावसांत गुडघाभर चिखलांत भात लावतो. त्यास डंबेल्सची गरज नाहीं. गरज आहे ती त्याच्याच गांवांत राहून पुस्तकांकडे वळलेल्या आपल्यासारख्यांस. आणि ही गोष्ट याच प्रांतानें महाराष्ट्रास दोनदां दाखवून दिली.

पहिल्यानें तळेगांवानें. प्रो. विष्णु गोविंद विजापूरकर यांनीं बंगालच्या फाळणीनंतरच्या त्या भारलेल्या दिवसांत काढलेलें समर्थ विद्यालय तळेगांव-दाभाडे येथें नांदलें. मातृभाषेंतून शिक्षण, हातांस उद्योग, आणि त्याबरोबर शरीराचेंही संगोपन, अशी त्याची आंखणी होती. नुसते परीक्षार्थी निर्माण करावयाचे नाहींत हें तेथील ब्रीद. १९०८ सालीं विजापूरकरांस तुरुंगवास झाला आणि १९१० सालीं सरकारनें विद्यालय बंद केलें. मुलांचीं शरीरें व मनें एकाच वेळीं घडविणारी शाळा राज्यकर्त्यांस इतकी सलावी, यांतच तिच्या पद्धतीची पावती आहे.

दुसऱ्यानें लोणावळ्यानें. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, हे १८८३ सालीं जन्मलेले, एकोणिसाव्या शतकाच्याच हवेंत वाढलेले. बडोद्यास राजरत्न माणिकराव यांच्या आखाड्यांत त्यांनीं देशी व्यायामाचे धडे घेतले. नंतर योगाकडे वळले. परंतु आसनें व प्राणायाम यांचे फायदे ग्रंथांत लिहिले आहेत म्हणून खरे मानावे, हें त्यांस पटेना. नौलि व उड्डियान करतांना पोटांत काय घडतें, हें त्यांनीं क्ष-किरणांनीं व दाब मोजणाऱ्या यंत्रांनीं पाहिलें. १९२४ सालीं लोणावळ्यास त्यांनीं कैवल्यधाम स्थापिलें, आणि त्याच वर्षीं 'योगमीमांसा' हें त्रैमासिक काढून आपले प्रयोग जगापुढें ठेविले. तिकडे ॲमहर्स्टच्या डॉक्टरानें विद्यार्थ्यांच्या छात्या मोजल्या. इकडे लोणावळ्याच्या स्वामींनीं श्वास मोजला. वाटा निराळ्या, पण शरीराविषयीं अंधश्रद्धेनें नव्हे, तर पाहून व पडताळून बोलावें, हा बाणा एकच. आश्चर्य असें कीं त्याच १९२४ सालीं पुण्यांत शिवरामपंत दामले यांनीं व्यायामाच्या प्रसारासाठीं महाराष्ट्रीय मंडळ काढलें. रानड्यांनीं विचारलेल्या प्रश्नास तीस वर्षांनीं का होईना, आपल्याच मातींतून उत्तरें येऊं लागलीं.

मग आज घरांत काय करावें? टिळकांप्रमाणें सबंध वर्ष व्यायामास देऊन मुलानें नापास व्हावें, असा उपदेश आम्ही करणार नाहीं. तसा निश्चय करणाऱ्याच्या अंगीं तें वर्ष पुढें भरून काढण्याची धमकही लागते. पण त्या वर्षाची वांटणी करतां येते. कॉलेजचीं चार-पांच वर्षें रोज एक तास शरीरास दिला, तर त्या तासांची बेरीज टिळकांच्या त्या वर्षाशीं सहज तुलना करूं शकेल, आणि परीक्षाही बुडणार नाहीं. हा तास अभ्यासांतून चोरलेला आहे असें घरांत कोणी बोलूं नये. तो अभ्यासाच्याच खात्यांत जमा धरावा.

गाडीनें जाणाऱ्या मुलांची अडचण आम्हांस ठाऊक आहे. पहाटे निघावयाचें, रात्रीं यावयाचें. मध्यें मैदान कोठें? अशांनीं कॉलेजांतच शेवटचा तास संपल्यावर खेळून मग गाडी धरावी, आणि घरच्यांनीं त्या उशिराबद्दल दारांत जाब विचारूं नये. ज्यांस संघांत जागा मिळत नाहीं त्यांनीं खट्टू होण्याचें कारण नाहीं. सूर्यनमस्कारास सतरंजीएवढी जागा पुरते. रविवारीं मळवलीस उतरून लोहगड चढून यावा. जातां जातां भाजें व कार्लें येथील लेणींही पाहून होतात. मुलगा व मुलगी दोघांस बरोबरच पाठवावें. मुलीचा तो तास स्वयंपाकघराच्या कामांतून मोकळा करून देणें हें सासू, आई, काकू यांच्या हातांत आहे, आणि त्यांनीं एकदां मनावर घेतलें तर पुरुषमंडळींची संमति मागण्याचीही गरज पडणार नाहीं.

आणखी एक लहानशी सूचना. बहुतेक घरांत मुलांच्या गुणपत्रिका जपून ठेविलेल्या असतात. त्याच कपाटांत एक वही ठेवावी, आणि दरवर्षीं दसऱ्यास व पाडव्यास घरांतील प्रत्येक मुलामुलीची उंची, वजन, छातीचा घेर आणि न थांबतां किती जिने चढतां येतात तो आंकडा तींत लिहावा. आजोबांनीं स्वतः मोजावें, म्हणजे त्यांचेंही मन त्यांत रमेल. गुणपत्रिकेंतील आंकडे घसरले म्हणजे आपण शिकवणी लावतों. या वहींतील आंकडे घसरले म्हणजेही आपणांस तितक्याच तांतडीनें कांहींतरी करावेंसें वाटलें पाहिजे.